करंट खर्च होत नाही, मग सेल का संपतो?

नववीत ‘धाराविद्युत’ हा धडा येतो तेव्हा तो फारसा कुणाला जड जात नाही. सूत्र एकच: विभवांतर (व्होल्टेज) म्हणजे धारा (करंट) गुणिले रोध. तिघांपैकी दोन दिलेले असतात, तिसरं काढायचं. एकसर जोडणीत रोधांची बेरीज, समांतर जोडणीत व्यस्तांची बेरीज, लसावि काढा, उत्तराला एकक लावा, मार्क खिशात. पण त्याच मुलांपुढे टॉर्चचा एक सेल, दोन सारखे छोटे बल्ब आणि वायरचे तीन तुकडे ठेवा आणि विचारा, बल्ब एकामागे एक जोडले तर जास्त कोणता पेटेल? ‘सेलच्या धन टोकाजवळचा’ असं सांगणारे वर्गात हमखास निघतात. कारणही तयार असतं: “करंट आधी त्याच्याकडे जातो ना सर, मग उरलेला दुसऱ्याला.” बरं, सेल उलटा फिरवला तर? “मग दुसरा जास्त पेटेल.” जोडून पाहिलं की दोन्ही बल्ब सारखेच मिणमिणतात, सेल सुलटा असो की उलटा.

हे दुखणं फक्त आपल्याकडच्या वर्गांचं नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅकडरमॉट आणि पीटर शॅफर यांनी १९९२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला एक प्रश्न असा: पाच सारखे बल्ब, तीन सारखे सेल. पहिल्या सेलला एकच बल्ब. दुसऱ्याला दोन बल्ब एकसर. तिसऱ्याला दोन बल्ब समांतर, म्हणजे दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी थेट सेलला जोडलेले. कोण किती प्रकाश देईल त्याचा क्रम लावा. एकही आकडा नाही, आकडेमोड नाही. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलांपैकी बरोबर क्रम लावणारे निघाले सुमारे १५ टक्के, आणि हा भाग शिकवून झाल्यावर विचारलं तरी त्यात फारसा फरक पडत नव्हता. तुम्हीही उत्तर मनाशी ठरवून ठेवा, पुढे ते तपासू.

मला विचाराल तर गडबड सूत्रात नाही, सूत्राच्या आधी आहे. मनात चित्र असं बसलेलं असतं की सेलमध्ये करंट भरलेला असतो, तो तारेतून निघतो, वाटेत बल्ब त्यातला थोडा खातो आणि उरलेला परत जातो. या चित्रावर शंभर गणितं सोडवली तरी चित्र पुसलं जात नाही, कारण गणितं त्याला कधी हातच लावत नाहीत.

तारेत आधीपासून काय असतं

तांब्याची तार सेलला जोडायच्या आधीही इलेक्ट्रॉनांनी गच्च भरलेली असते. दर अणूमागे साधारण एक इलेक्ट्रॉन मोकळा असतो, धातूभर भटकणारा. बल्बच्या फिलामेंटमध्येही असेच मोकळे इलेक्ट्रॉन असतात. सेल जोडला की त्याने नवे इलेक्ट्रॉन सोडायची गरज नसते. आहेत तेच सगळे एका दिशेने सरकू लागतात. तारेच्या एखाद्या छेदातून दर सेकंदाला १ कूलोम प्रभार (चार्ज) पुढे गेला तर धारा १ अँपिअर. आणि १ कूलोम म्हणजे सुमारे ६२४ वर सोळा शून्यं एवढे इलेक्ट्रॉन.

आता सायकलची चेन डोळ्यांपुढे आणा. पायडल मारलं की मागच्या चाकाजवळची कडी त्याच क्षणी सरकते, पुढची कडी मागे पोचेपर्यंत चाक थांबून राहत नाही. चेन चाक फिरवते, म्हणजे काम करते, पण म्हणून चाकापाशी चेनच्या कड्या कमी होत नाहीत. जेवढ्या कड्या दात्यांवर चढल्या तेवढ्याच उतरल्या. चढावर दम लागतो तो पायडल मारणाऱ्याला. परिपथातही (सर्किटमध्येही) जेवढे इलेक्ट्रॉन दर सेकंदाला फिलामेंटमध्ये शिरतात तेवढेच बाहेर पडतात. पटत नसेल तर धारा मोजणारा अ‍ॅमीटर आधी बल्बच्या अलीकडे जोडा, मग पलीकडे जोडा. काटा दोन्ही वेळा एकाच आकड्यावर थांबतो. ही पाच मिनिटांची गोष्ट आहे आणि प्रत्येक शाळेत हे करून दाखवायला हवं; पण प्रॅक्टिकलच्या वहीत हा प्रयोग नसतो म्हणून तो राहून जातो.

इलेक्ट्रॉन किती वेगाने सरकतात? १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर धारा जात असेल तर सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर. म्हणजे एक मीटर अंतर कापायला पावणेचार तास. तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण तारेतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांना सरकवणारा विद्युतक्षेत्राचा परिणाम जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरतो. घरातल्या विजेत तर प्रत्यावर्ती धारा असते, सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे. तुमच्या ट्यूबलाइटच्या वायरमधले इलेक्ट्रॉन जागच्या जागी डुलत असतात, वीजकेंद्रातून निघून तुमच्या घरापर्यंत कुणी आलेलं नसतं.

जाता जाता दिशेचा घोळ. धारा धन टोकाकडून ऋण टोकाकडे दाखवायची, ही प्रथा अठराव्या शतकातली. धन-ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिन यांच्या काळात रूढ झाली आणि इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये. तो निघाला ऋण प्रभाराचा, म्हणजे बाणाच्या उलट जाणारा. शालेय परिपथांत याने उत्तरात काहीही फरक पडत नाही, त्यामुळे यावर डोकं शिणवू नका.

खर्च होते ती ऊर्जा

तर मग सेल देतो काय? ऊर्जा. दीड व्होल्टचा सेल म्हणजे त्याच्यातून जाणाऱ्या प्रत्येक कूलोमला १.५ ज्यूल ऊर्जा देणारा सेल. व्होल्टचा अर्थच दर कूलोममागे ज्यूल. ही ऊर्जा प्रभार परिपथात ठिकठिकाणी देऊन टाकतो: फिलामेंटमध्ये उष्णता आणि प्रकाश म्हणून, मोटरमध्ये फिरण्याच्या रूपात. फेरी पूर्ण होईपर्यंत मिळाली तेवढी ऊर्जा देऊन झालेली असते. इलेक्ट्रॉन तेवढेच राहतात. सेलच्या आत मात्र ही ऊर्जा रासायनिक क्रियेतून येते आणि त्या क्रियेत साध्या कोरड्या सेलचं जस्ताचं कवच हळूहळू झिजतं. रिमोटमध्ये विसरलेला जुना सेल फुगून चिकट पाणी सोडतो, ते याच कवचाला भोक पडल्यामुळे. सेल संपतो म्हणजे रसायनं संपतात.

हे एकदा नीट बसलं की मोजमापाची उपकरणं कशी जोडायची ते पाठ करावं लागत नाही. धारा म्हणजे ‘या जागेतून दर सेकंदाला किती प्रभार गेला’, तेव्हा अ‍ॅमीटर वाटेतच बसायला हवा. तार तोडून मध्ये घाला. विभवांतर म्हणजे ‘या दोन बिंदूंमध्ये दर कूलोममागे किती ऊर्जा दिली गेली’, तेव्हा व्होल्टमीटरची दोन टोकं त्या दोन बिंदूंवर टेकवायची, परिपथाला धक्का न लावता. अ‍ॅमीटरचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य ठेवलेला असतो, व्होल्टमीटरचा प्रचंड मोठा. मल्टिमीटरची लाल पिन अँपिअरच्या भोकात राहून जाते आणि कुणीतरी त्याच अवस्थेत बॅटरीची दोन टोकं ‘व्होल्टेज बघायला’ जोडतं, तेव्हा आतला फ्यूज का उडतो हे आता सांगता येईल: शून्याजवळ रोध असलेली वस्तू बॅटरीच्या दोन टोकांना थेट जोडली गेली. दुसरं काय होणार!

ओहम यांचा सूत्रातून गळलेला तुकडा

रोध म्हणजे धारेला होणारा अडथळा, इतकं सगळ्यांना माहीत असतं. तार लांब असेल तर रोध जास्त, जाड असेल तर कमी, पदार्थ बदलला तर वेगळा. गोष्ट रंगते ती ओहम यांच्या प्रयोगाशी.

गेऑर्ग झिमॉन ओहम हे जर्मनीत कोलोनच्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. १८२५ च्या सुमारास त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्यांतून जाणारी धारा चुंबकसूचीने मोजायला घेतली. अडचण अशी की व्होल्टा यांच्या १८०० मधल्या शोधावर बेतलेल्या त्या काळच्या बॅटऱ्या एका जागी टिकत नसत. तार जोडली की जोर उतरू लागे आणि मोजणी संपेपर्यंत सुरुवातीचा आकडा निरुपयोगी होई. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून ओहम यांनी १८२६ मध्ये बॅटरी बाजूला ठेवली आणि बिस्मथ व तांब्याच्या सांध्यांचं उष्णतायुग्म, म्हणजे तापमानातल्या फरकातून विभवांतर देणारी जोडणी, वापरलं: एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. तापमानातला फरक स्थिर, म्हणून विभवांतरही स्थिर. मग आकडे सरळ येऊ लागले. १८२७ मध्ये त्यांनी सगळं पुस्तकरूपाने मांडलं. जर्मनीत सुरुवातीला त्याचं थंडं स्वागत झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये.

ओहम यांनी आकड्यांतून काढलेलं पहिलं सूत्र आपल्या पुस्तकातल्यापेक्षा थोडं वेगळं होतं. चुंबकसूचीवरचा परिणाम बरोबर एक ठरावीक आकडा भागिले (दुसरा ठरावीक आकडा अधिक तारेची लांबी). हा कंसातला दुसरा ठरावीक आकडा कशाचा? परिपथाच्या उरलेल्या भागाचा, त्यात ऊर्जा देणारा स्रोतही आला. म्हणजे स्रोताला स्वतःचा रोध असतो हे ओहम यांच्या पहिल्याच सूत्रात होतं. शालेय सूत्र सोपं करताना तो तुकडा गळला आणि त्याबरोबर रोज दिसणाऱ्या कितीतरी गोष्टींचं स्पष्टीकरणही गळलं.

टॉर्चमध्ये न चालणारा सेल भिंतीवरच्या घड्याळात घालायचा, ही आपल्याकडे घरोघरची रीत. टॉर्च पिवळट पडतो, पण तोच सेल घड्याळाला आणखी काही महिने पुरतो. सेलमध्ये ‘थोडा करंट उरलाय’ म्हणून? मल्टिमीटर लावा: नवा सेल १.५ व्होल्ट दाखवेल, उतरलेला समजा १.३ दाखवतोय. एवढ्याशा फरकाने टॉर्च आडवा का व्हावा?

हिशेब करू. बल्बचा रोध ५ ओहम धरा. नव्या सेलचा अंतर्गत रोध ०.३ ओहम, तर धारा १.५ भागिले ५.३, म्हणजे सुमारे ०.२८ अँपिअर. सेल म्हातारा होतो तेव्हा त्याचा अंतर्गत रोध वाढतो, तो ३ ओहम झाला असं धरा. आता धारा १.३ भागिले ८, म्हणजे ०.१६. बल्बच्या वाट्याला येतात जेमतेम ०.८ व्होल्ट, बाकीचे ०.५ सेलच्या पोटातच जिरतात. बल्बची शक्ती ०.४ वॅटवरून ०.१३ वर येते, तिसऱ्या हिश्श्यावर. घड्याळाला मात्र सरासरी एक मिलिअँपिअरही लागत नाही. तेवढ्या धारेला ३ ओहममध्ये ०.००३ व्होल्टही गमवावे लागत नाहीत, घड्याळाला जवळपास पूर्ण १.३ व्होल्ट मिळतात आणि ते टिकटिकत राहतं. मल्टिमीटर तर घड्याळाहूनही कमी धारा घेतो, म्हणून त्यालाही सेल ठणठणीत दिसतो. उतरलेले सेल उन्हात ठेवले की थोडा वेळ पुन्हा चालतात, हा आजीचा उपायही खोटा नाही: उबेने आतली रासायनिक हालचाल वाढते आणि अंतर्गत रोध काहीसा कमी होतो. रसायनं परत येत नाहीत, त्यामुळे उपाय तात्पुरता. गाडीला स्टार्टर मारताना हेडलाइट क्षणभर मंदावतो तोही याच कारणाने. स्टार्टर शंभरभर अँपिअर खेचतो आणि बॅटरीच्या आतच दोन-एक व्होल्ट पडतात.

आणि एक सावधगिरी. ओहमचा नियम सगळ्या वस्तू पाळत नाहीत. १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचं फिलामेंट पेटलेलं असताना त्याचा रोध ५२९ ओहम असतो (२३० चा वर्ग भागिले १००), पण थंड असताना चाळीसच्या आसपास. म्हणून तो बल्ब उडायचा तर बहुधा बटण दाबतानाच उडायचा, कारण पहिल्या क्षणी दहापटीहून जास्त धारा धावायची. एलईडीचं वागणं तर आणखी वेगळं, त्याला एका ठरावीक विभवांतराखाली जवळजवळ काही वाहूच द्यायचं नसतं.

पाच बल्बांचं उत्तर

सेल किती धारा देणार हे सेल एकटा ठरवत नाही. सेल विभवांतर जवळपास कायम ठेवतो. धारा किती, ते पूर्ण परिपथ मिळून ठरवतो. एवढं धरलं की त्या प्रश्नात काही उरत नाही. एकटा बल्ब: त्याला सेलचं पूर्ण विभवांतर. समांतर जोडलेले दोन: प्रत्येकाची दोन्ही टोकं थेट सेलच्या टोकांना जोडलेली, तेव्हा प्रत्येकाला पूर्ण विभवांतर. एकसर जोडलेले दोन: विभवांतर अर्धं-अर्धं वाटलेलं. म्हणून एकटा आणि समांतरवाले दोघे, असे तिघे सारखेच तेजस्वी. एकसरवाले दोघे सारखेच मंद. ‘समांतरमध्ये करंट वाटला जातो म्हणून दोघे मंद’ हे उत्तर फार जणांचं येतं. वाटला जातो खरा, पण समांतर जोडणीत सेलमधून निघणारी धाराच मुळी दुप्पट असते. (सेल जुना असेल तर अंतर्गत रोधामुळे समांतरवाले किंचित मंद दिसतील. प्रश्नात सेल आदर्श मानले होते.)

एकसर जोडणीतला एक बल्ब होल्डरमधून सैल करा. दोन्ही विझतात, ‘पहिला’ही. करंट आधी त्याच्याकडे येत असता तर तो पेटत राहायला हवा होता.

आकड्यांचा एकच नमुना देतो. दोन सेल, म्हणजे ३ व्होल्ट, आणि १० व २० ओहमचे रोध. एकसर जोडले तर एकूण ३० ओहम, धारा ०.१ अँपिअर, वाटणी १ व्होल्ट आणि २ व्होल्ट. मोठ्या रोधाला मोठा वाटा. समांतर जोडले तर १० ओहममधून ०.३ आणि २० मधून ०.१५, एकूण ०.४५ अँपिअर. म्हणजे दोघांचा मिळून परिणाम ६.६७ ओहमचा, दोघांतल्या लहानाहूनही कमी. रोध वाढवूनही एकूण रोध कमी कसा, असं वाटतं. पण इथे धारेला जादा वाट मिळाली आहे. भौतिकशास्त्रज्ञ किरखोफ यांनी १८४५ मध्ये विद्यार्थिदशेत मांडलेले दोन नियम हेच सांगतात: सांध्यात जेवढी धारा येते तेवढी बाहेर जाते, आणि बंद फेरीत जेवढे व्होल्ट चढतात तेवढे उतरतात. पहिला प्रभार टिकतो म्हणून, दुसरा ऊर्जा टिकते म्हणून.

आता एक कोडं, तोंडी परीक्षेत हमखास विचारण्याजोगं. ४० वॅट आणि १०० वॅटचे पिवळे बल्ब एकसर जोडून २३० व्होल्टला लावले, तर जास्त कोणता पेटेल? ४० वॅटचा. त्याचा रोध १३२२ ओहम, १०० वॅटवाल्याचा ५२९. धारा दोघांत एकच, ०.१२४ अँपिअर, तेव्हा जास्त रोधवाला जास्त वीज घेतो: सुमारे २० वॅट, तर १०० वॅटवाल्याच्या वाट्याला फक्त ८. प्रत्यक्षात तफावत याहूनही मोठी असते, कारण मंद पेटणाऱ्या फिलामेंटचा रोध आणखी खाली येतो. बल्बवर छापलेले वॅट म्हणजे बल्बचा जन्मजात गुण नाही, २३० व्होल्ट मिळाले तर काय होईल त्याचा आकडा आहे.

दुकानातला सिरीज बोर्ड

घरातलं सगळं वायरिंग समांतर, हे पुस्तकात असतंच. मग एकसर जोडणी फक्त परीक्षेसाठी? जुन्या दिवाळीच्या माळा होत्या एकसर, ६ व्होल्टचे चाळीसेक बल्ब ओळीने, एक गेला की सगळी माळ काळोखात. त्यातला मेलेला बल्ब काढून दोन वायरींना पीळ देऊन माळ चालवायची, हा धंदा बहुतेकांनी केलाय. असे चार-पाच पीळ झाले की उरलेल्या प्रत्येक बल्बवर जास्त व्होल्ट येतात आणि ते भराभर उडू लागतात.

पण एकसर जोडणीचा सर्वांत हुशार वापर बघायचा तर तालुक्याच्या गावातलं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान गाठा. टेबलाच्या कडेला एक लाकडी बोर्ड ठोकलेला असतो: एक होल्डर, त्यात १०० वॅटचा पिवळा बल्ब, शेजारी एक सॉकेट. हा सिरीज बोर्ड. सॉकेटमध्ये लावलेली वस्तू त्या बल्बबरोबर एकसर जोडली जाते. दुरुस्तीला आलेली इस्त्री मिस्त्री आधी थेट लाइनला लावत नाही, ‘सिरीजला लावून बघतो’. आत शॉर्ट असेल तर पूर्ण २३० व्होल्ट बल्बवर येतात, बल्ब भक्कन पूर्ण पेटतो आणि पहिला क्षण सोडला तर धारा ०.४३ अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही. फ्यूज उडत नाही, ठिणगी नाही. आत तार तुटलेली असेल तर बल्ब लागतच नाही. इस्त्री चांगली असेल तर? १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओहम, बल्बच्या मानाने किरकोळ, म्हणून बल्ब पूर्णपेक्षा थोडासाच कमी पेटतो. हा ‘थोडासाच’ ओळखणारी नजर मिस्त्रीकडे असते. व्याख्या त्याला येत नसेल, विभवांतराची वाटणी मात्र तो बल्बच्या उजेडावरून वाचतो. सगळं घर एलईडीवर गेलं तरी दुकानातला हा एक पिवळा बल्ब जपून ठेवलेला असतो. एलईडी बल्बच्या आत स्वतंत्र सर्किट असतं, तो साध्या रोधासारखा वागत नाही, म्हणून या कामाला तो चालत नाही. (विद्यार्थ्यांनी हे २३० व्होल्टवर घरी करायचं नाही. सेलवर आणि टॉर्चच्या बल्बवर हेच सगळं दिसतं.)

समांतर जोडणीची दुसरी बाजू एक्स्टेन्शन बोर्डवर दिसते. नवी वस्तू लावली की जुन्यांचं काही बिघडत नाही, पण मुख्य वायरमधली धारा वाढते. ६ अँपिअरच्या बोर्डवर १००० वॅटची इस्त्री (४.३ अँपिअर) आणि १५०० वॅटची किटली (६.५ अँपिअर) एकदम चालवली तर १०.८ अँपिअर. वायरमधली उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सोसायच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त. गीझरचा पॉइंट १६ अँपिअरचा वेगळा घेतात तो याचसाठी.

याहून फसवं असतं लूज कनेक्शन. २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो. सॉकेटमध्ये पिन सैल बसली आणि त्या सांध्यावर नुसता अर्धा ओहम रोध तयार झाला, तर तिथे ८.७ चा वर्ग गुणिले ०.५, म्हणजे ३८ वॅट उष्णता. दुकानातलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. ही उष्णता प्लॅस्टिकच्या सॉकेटमध्ये, मटारच्या दाण्याएवढ्या जागेत. सॉकेट पिवळं पडतं, मग काळं, मग जळका वास. धारा जास्त झाली की पडणारा खटका, म्हणजे एमसीबी, मात्र ढिम्म, कारण त्याच्या दृष्टीने धारा वाढलेलीच नाही. उलट त्या जादा रोधाने किंचित कमीच झाली आहे. काळवंडलेली पिन दिसली तर एमसीबी पडायची वाट बघू नका, सॉकेट बदला.

धारा जाते तेवढीच परत येते, यावर घरातलं एक उपकरण सरळ बेतलेलं आहे: मीटरजवळच्या बोर्डातला आरसीसीबी. फेजची आणि न्यूट्रलची अशा दोन्ही तारा त्याच्या आतल्या एकाच कड्यातून जातात. जाणारी आणि येणारी धारा तंतोतंत सारखी असेल तर कड्यात दोघींचे चुंबकीय परिणाम एकमेकांना मारतात. फ्रिजच्या बॉडीला हात लागून थोडी धारा तुमच्या अंगातून जमिनीत गेली, तर परत येणारी तेवढी कमी भरते. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरच्या फरकाला सेकंदाच्या छोट्याशा अंशात वीज तोडतो. त्यावर ‘टेस्ट’ किंवा ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबलं की आतल्या एका रोधातून थोडी धारा मुद्दाम कड्याला वळसा घालून जाते, हिशेब चुकतो आणि खटका पडायला हवा. महिन्यातून एकदा कॉम्प्युटर बंद करून ते दाबून बघा. खटका पडला नाही तर वायरमनला बोलवा.